अट न्यायालयाची, वाट त्याची

प्रश्न : मी नुकतीच प्रोबेशन अधिकारी म्हणून रुजू झाले. न्यायालयानं तुरुंगाऐवजी अटींवर सोडलेल्या माणसांवर देखरेख ठेवणं, हे माझं काम. प्रशिक्षणात त्यांच्याशी कोचिंगच्या पद्धतीनं, म्हणजे उपदेशाऐवजी प्रश्न विचारून उत्तर त्यांनाच शोधू देत बोला, असं सांगतात. पण अट मोडली तर न्यायालयाला अहवाल मीच देणार. मग तो माणूस माझ्यापाशी मन मोकळं का करेल?

उत्तर : शंका रास्त आहे. ती मनात ठेवू नका, पहिल्याच भेटीत त्याच्यासमोर मांडा. कोणत्या गोष्टी कळवाव्याच लागतात, हे त्याला आधी कळू द्या. नंतर कळलं, तर तो दगा वाटतो. या कामाचा उगमच अशा दुहेरी भूमिकेत आहे. १८४१ मध्ये बॉस्टनच्या जॉन ऑगस्टस या जोडे बनवणाऱ्या कारागिरानं एका दारुड्याला जामीन राहून सोडवून नेलं आणि ठरलेल्या दिवशी शुद्धीवर न्यायालयात हजर केलं. जबाबदारी घेणारा आणि सोबत करणारा माणूस एकच होता.

अट बदलणं तुमच्या हातात नाही. ती पाळायची कशी, यावर मात्र भरपूर बोलता येतं. ‘सोमवारी हजेरी द्यायचीच आहे’ हे तुम्ही सांगा. ‘सोमवारी कामाची पाळी आली तर मालकाशी कधी बोलाल?’ याचं उत्तर त्याला शोधू द्या.

प्रश्न : समोरचा फक्त ‘तुम्हीच सांगा साहेब’ म्हणतो. माझे प्रश्न वायाच जातात.

उत्तर : त्याला आजवर प्रश्न विचारले ते पोलिसांनी आणि वकिलांनी. त्याच्या लेखी प्रश्न म्हणजे उलटतपासणी. म्हणून ‘का केलंत?’ बाजूला ठेवा. ‘गेल्या महिन्यात दोन आठवडे दारूला शिवला नाहीत, ते कसं जमवलंत?’ असं विचारा आणि गप्प राहा. ही शांतता अवघड जाते. मलाही सुरुवातीला गेली. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या व्यसनावर काम करताना १९८३ मध्ये प्रेरक मुलाखतीची पद्धत मांडली. बदलायची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत, हे तिचं मर्म. त्यानं ‘पोरीसमोर लाज वाटते’ म्हटलं, तर तेच शब्द त्याला परत ऐकवा. उपदेश जोडू नका. मग पुढच्या भेटीपर्यंतचं एकच पाऊल त्याला ठरवू द्या.

मात्र ज्याला आज रात्री डोक्यावर छप्पर नाही, त्याला प्रश्न विचारत बसू नका. फोन उचला, सोय लावा.

प्रश्न : इतक्या जणांना इतका वेळ कुठून द्यायचा?

उत्तर : सगळ्यांना देऊच नका. डॉन अँड्र्यूज, जेम्स बोंटा या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेलं जोखमीचं तत्त्व हेच सांगतं : पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता जास्त, तिथे जास्त वेळ. कमी जोखमीच्या माणसामागे फार लागलात तर त्याची नोकरी, घरच्यांची साथ अशी सावरून धरणारी नातीच विस्कटतात.

प्रश्न : मी अधिकारी नाही, आई आहे. माझा मुलगा प्रोबेशनवर, देखरेखीखाली आहे. घरी मीही असंच बोलू का?

उत्तर : तुम्ही आई राहा. भेटीहून आल्यावर ‘काय विचारलं?’ म्हणू नका. त्यानं काय ठरवलं ते तो आपणहून सांगेल, तेव्हा ऐका.