चारी एकदाच खोदायची, मग मशीन विकत कशाला?

पारनेर तालुक्यातल्या एका वाचकांनी मोठं, व्यवस्थित आकडे मांडलेलं पत्र पाठवलं आहे. थोडक्यात असं: ओढ्याकाठच्या विहिरीपासून वरच्या जिरायती रानापर्यंत २,५०० फूट पाइपलाइन करायची आहे, म्हणजे पाइप पुरायला तेवढी लांब चारी (अरुंद खोल चर) खोदायची. बाजरी निघाली, रान मोकळं आहे. त्यातलं १,७०० फूट काळं रान, वरचं ८०० फूट मुरमाड. जेसीबीवाला तासाला १,२०० मागतो. शेजारच्या तालुक्यात ट्रॅक्टरवर चालणारं चेन ट्रेंचर, म्हणजे दात असलेल्या साखळीनं चारी खोदणारं यंत्र आहे, त्याचा मालक फुटाला १४ रुपये घेतो, पण फक्त मातीत. मजूर रनिंग फुटाला ४५ म्हणतात. आणि मेहुणे म्हणतात, "तुमच्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहेच, ३ लाख ४० हजाराचं ट्रेंचर घेऊन टाका. आपलंही काम होईल आणि गावात भाड्यानंही चालेल." त्यासाठी अडीच लाखाची एफडी मोडायची आणि उरलेले ९० हजार पीककर्जातून घालायचे. एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली, तिला अजून दोन वर्षं आहेत.

मेहुण्यांचा मान राखून सांगतो, मशीन घेऊ नका. का, ते सांगतो.

मशीन घेतलं तर तुमच्या स्वतःच्या कामात वाचतात किती? १,७०० फूट गुणिले १४, म्हणजे २३,८००. तेही पूर्ण नाही, कारण डिझेल आणि चालवणारा माणूस तुमचाच. उरलेले तीन लाखांवर रुपये भाड्यातूनच काढावे लागणार. एफडीवर ७ टक्के धरले तर वर्षाचं १७,५०० व्याज गेलं. ९० हजार कुठूनही ११ टक्क्यांनी उचलले तर ९,९००. पाच वर्षांनी मशीन निम्म्या किमतीला विकलं जाईल असं उदारपणे धरू, म्हणजे वर्षाचा घसारा ३४,०००. झाले ६१,४०० रुपये, मशीन शेडमध्ये उभं असलं तरी. फुटाला मिळणाऱ्या १४ मधून डिझेल, ड्रायव्हर, झिजलेले दात, चेनची डागडुजी यांचे मी ७ धरतो. उरले ७. म्हणजे वर्षाला जवळपास ८,८०० फूट खोदलं तेव्हा कुठं तुम्ही शून्यावर येणार. तुम्हीच लिहिलंय की गावात वर्षाला पाच-सहा जण पाइपलाइन करतात. प्रत्येकाची सरासरी दीड हजार फूट धरली तरी सगळ्यांची मिळून नऊ हजाराच्या आत. ती सगळी तुमच्याकडेच यायला हवीत, आणि सगळी मातीतच हवीत. गावातलं निम्मं रान मुरमाड आहे, हेही तुमच्याच पत्रात आहे.

आणखी तीन गोष्टी मेहुणे सांगणार नाहीत. ट्रेंचरला ट्रॅक्टर मुंगीच्या चालीनं चालावा लागतो, त्यासाठी क्रीपर गिअर लागतो. तुमच्या ट्रॅक्टरला तो आहे का, हे विक्रेत्याच्या तोंडी भरवशावर सोडू नका. आणि दुसऱ्याच्या रानात पैसे घेऊन केलेली खोदाई ही शेतीचं उत्पन्न नव्हे. ते धंद्याचं उत्पन्न, करमुक्त नाही. ट्रॅक्टरचा विमाही शेतीवापराचा आहे की भाड्याच्या कामाचा, हे पॉलिसी काढून वाचा.

पीककर्जाचं तर विचारूच नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्य टक्क्यावर पडतं. असा पैसा लोखंडात अडकवला आणि कांद्याचा भाव पडला, की मुदत चुकते, सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला बी-खताचे पैसे सावकाराकडून.

आता खरा प्रश्न: भाड्यानं कोणतं यंत्र? सगळं जेसीबीनं केलं तर काळ्या रानात तासाला शंभर फूट, मुरमात साठ, हा तुमचाच अंदाज. म्हणजे १७ आणि १४ मिळून ३१ तास, ३७,२००. बुजवायला पाच तास, ६,०००. एकूण ४३,२००. दुसरा मार्ग असा: मातीत ट्रेंचर २३,८००, मुरमात जेसीबी १४ तास १६,८००, मुरमाची चारी बुजवायला दोन तास २,४००. एकूण ४३,०००. मातीची चारी तुमच्या ट्रॅक्टरच्या पाटीनं बुजेल, डिझेल तेवढं तुमचं. थोडक्यात दोन्ही आकडे सारखेच. मलाही हे गणित मांडताना गंमत वाटली.

पण सारखे दिसले तरी दोन्ही आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे. फुटाचा दर म्हणजे बिल आधीच ठरलेलं: चेन अडकली, दात तुटला, दुपार वाया गेली, तर ते मशीनवाल्याचं. तासाचा दर म्हणजे जमिनीखाली जे काही निघेल ते तुमच्या डोक्यावर. १७ तासांचे २५ झाले तर कुणाशी भांडणार? म्हणून काळ्या रानात ट्रेंचर घ्या. शिवाय त्याची चारी आठ इंच रुंद, जेसीबीच्या मोठ्या बकेटची दोन फूट. तीन फूट खोलीला फुटामागे कुठं दोन घनफूट माती, कुठं सहा. जितकी माती कमी हलेल तितका खालचा चुनखडीचा थर वर कमी येईल. नाहीतर चारीच्या पट्ट्यात पुढची दोन वर्षं पीक पिवळं दिसतं. फक्त वाफसा पाहा, म्हणजे माती फार ओलीही नको आणि फार कोरडीही नको. ओल्या काळ्या मातीत चेनला चिखल धरतो आणि मशीन जागेवर फिरत बसतं.

मुरमाच्या ८०० फुटांत मात्र फुटाचा दर कुणी देणार नाही, तासच द्यावे लागतील. म्हणून यंत्र बोलावण्याआधी दीड-दोन हजार रुपये चाचणी खड्ड्यांवर घाला. दोन गडी, पहार, टिकाव, घमेलं, एक दिवस. लाइनीवर दर शंभर फुटांवर फूटभर रुंद आणि तीन फूट खोल खड्डा. पहार मारली की ढप्प आवाज आला तर मुरूम, बकेट जाईल. खण्ण झालं आणि पहार हातात थरथरली तर पाषाण. तिथं ब्रेकर (जेसीबीला लावायचा खडक फोडणारा हातोडा) लागेल, आणि ब्रेकरचा दर वेगळाच, बकेटच्या कितीतरी वर. खड्ड्यांत पाषाण सलग दिसला तर लाइन पाच-दहा फूट बांधाकडे सरकवून पुन्हा दोन खड्डे घ्या. दोन-चार पाइप जास्त लागले तरी ब्रेकरपेक्षा स्वस्त. तुमच्या सगळ्या पत्रात हा खर्च कुठंच धरलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात फायद्याचा तोच आहे.

मजुरांचा ४५ चा दर सगळ्या लाइनीला लावला तर १ लाख १२ हजार, त्यामुळे तो बाजूला ठेवा. पण विहिरीजवळचे पंचवीस-तीस फूट हातानंच खोदा. जुनी मोटारीची केबल तिथूनच गेलेली असते.

खोलीत कंजूषी करू नका. आमच्या घरच्या रानात एका ठेकेदारानं दीड फुटावर पाइप पुरला होता, वडिलांनी "चालतंय" म्हणून पैसे दिले. तिसऱ्या वर्षी नांगराच्या फाळानं पाइप उभा चिरला, आणि भर हरभऱ्यात आम्ही दोन दिवस गळती शोधत चिखल तुडवत होतो. तीन फूट म्हणजे तीन फूट. चारीच्या तळात चार बोटं बारीक माती, पाइपावरही वीतभर बारीकच. जेसीबीवाला घाईत मुरमाचे गोटे थेट पाइपावर लोटतो, तेव्हा चारीजवळ उभे राहा.

मशीनमध्ये न घातलेल्या पैशांपैकी थोडे पाइपात घाला. ४ किलोचा पाइप म्हणजे ४० मीटर पाण्याचा दाब. तुमचं वरचं रान ८० फूट उंच, म्हणजे २४ मीटर. त्यात २,५०० फुटांचं घर्षण आणि वर ठिबकला लागणारा दाब मिळवला की आपण चाळिशीच्या काठावर येतो. सगळ्यात जास्त दाब विहिरीकडच्या टोकाला असतो. तिथल्या साधारण ४० पाइपांना ६ किलोचा घ्या, पुढं ४ किलोचा चालेल. दुकानदाराकडून दोन्हींचा वेगवेगळा भाव लिहून घ्या, आणि दाबाचं गणित एकदा ठिबकवाल्याकडून तपासून घ्या. मी आकड्यांचा माणूस आहे, पाण्याचा नाही.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान-योजनांच्या पोर्टलवर, पाइपांसाठी अर्ज केला नसेल तर आधी तो करा. पीव्हीसीला मीटरमागे ३५ रुपये, जास्तीत जास्त १५ हजार. खोदाईला त्यातून काही नाही. पण पूर्वसंमती येण्याआधी पाइपाचं बिल फाडलं तर अनुदान गेलं समजा.

लाइन दोनशे फूट चुलतभावाच्या रानातून जाते आणि "तो आपलाच आहे" असं तुम्ही लिहिलंय. आज आहे. कागदावर संमती घ्या, गट नंबर आणि नकाशासकट. संमती मिळाली नाही तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तिथं पाइप किमान अर्धा मीटर खोल असावा लागतो, तुमचा त्याहून खोलच आहे. पण भावकीत तहसीलपर्यंत जायची वेळ न आलेली बरी.

पैसे कुठून आणायचे? खोदाईचे ४३ हजार आणि पाइप-फिटिंग, एवढंच. बाजरी-मुगाचे आलेले पैसे आधी वापरा, कमी पडले तर पाइपवाल्याकडे कांदा निघेपर्यंतची उधारी मागा, पण व्याज किती ते विचारून. एफडीला हात नको. तिची मुदत संपत आली असेल तर आपोआप पुन्हा पाच वर्षांसाठी वळू देऊ नका, दोनच वर्षांची करा, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मोडून दंड भरावा लागणार नाही.

आणि जेसीबी रानात आला की आधी केबिनमधल्या अवर मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचा) मोबाइलवर फोटो काढा. ऑपरेटर जेवायला बसला की इंजिन बंद करायला सांगा, आणि काम संपलं की त्याच्यासमोरच दुसरा फोटो.