बाळाच्या नाळेतलं रक्त दान करावं की खासगी बँकेत ठेवावं?

तुमचा आठवा महिना चालू आहे, नवऱ्याला रक्त खासगी बँकेत ठेवायचंय आणि तुम्हाला दान करावंसं वाटतंय. दीड वर्षापूर्वी आमच्या घरात हाच वाद होता. फक्त पैसे भरायची घाई मला झाली होती, दानाचा आग्रह बायकोचा होता.

नाळेतल्या रक्तात नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, त्या रुग्णाला देता येतात. म्हणून आधी एवढंच बघा: बाळाच्या सख्ख्या भावंडाला थॅलेसेमिया, सिकल सेल किंवा ल्युकेमियासारखा (रक्ताचा कर्करोग) आजार आहे का? असेल तर विषय संपला. डॉक्टरांशी बोलून रक्त त्याच्यासाठीच ठेवा. सख्ख्या भावंडांच्या ऊतींचा प्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉक्टर एलियान ग्लकमन यांनी नाळेतल्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं, तेही फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलाला त्याच्या धाकट्या बहिणीचं रक्त देऊन.

आमच्याकडे असं कुणी आजारी नव्हतं. तरी खासगी बँकेतून फोन आला, "हा तुमच्या बाळाचा जैविक विमा आहे," आणि ते वाक्य मनात रुतून बसलं. आज पैसे वाचवले आणि उद्या काही झालं तर? शेवटी एका रक्तविकारतज्ज्ञांना भेटलो. त्या म्हणाल्या, जनुकीय आजार झाला तर तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. लहान मुलांच्या ल्युकेमियातही बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा जन्माआधीच झालेली असते. म्हणजे ज्या आजारांच्या धास्तीने मी ते रक्त राखून ठेवणार होतो, त्यांतल्या बऱ्याच आजारांत माझ्या मुलीला तिचंच रक्त चालणार नव्हतं! माझा निर्णय तिथेच झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ साली सार्वजनिक बँकेत दान करण्याचाच सल्ला दिला आहे.

दान केलेलं रक्त ज्याला जुळेल त्या रुग्णाला मिळतं. अस्थिमज्जेइतकं ते तंतोतंत जुळावं लागत नाही, त्यामुळे ज्यांना दुसरा दाता सापडत नाही त्यांना त्याचा मोठा आधार असतो. मात्र ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. आजच चौकशी करा, कारण नोंदणी आणि आईच्या तपासण्या वेळेत व्हाव्या लागतात. एकदा दिलं की त्यावर आपला हक्क राहत नाही, हे नवऱ्यालाही आधीच सांगा.

आणि एक हट्ट धरा. रक्त जास्त मिळावं म्हणून नाळ घाईने कापू देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना निदान एक मिनिट थांबायला सांगते, कारण त्या वेळात बाळाच्या अंगात रक्त जातं आणि पुढे लोह कमी पडण्याचा धोका घटतो. आम्ही थांबलो. नाळेत उरलेलं रक्त प्रत्यारोपणाला पुरेल एवढं भरलं नाही, म्हणून ते संशोधनासाठी गेलं. बायकोला थोडं वाईट वाटलं, पण पुन्हा वेळ आली तरी आम्ही तेवढंच थांबू.