देवचाराची पोर आणि धमकीचा ईमेल

प्रश्न: मी डिचोलीला राहते, वय 24. जपानी ॲनिमेमधल्या पात्रांच्या क्रोशाच्या बाहुल्या विणते, फोटो इन्स्टाग्रामवर टाकते. सहा महिन्यांत 650 रुपयांना एक अशा 11 बाहुल्या विकल्या. आता स्वतःला कंपनीचा ‘अधिकृत प्रतिनिधी’ म्हणवणाऱ्या एकाचा ईमेल आलाय. सात दिवसांत सोबतच्या क्यूआर कोडवर 75,000 रुपये भरा, नाहीतर तुरुंगात जाल, असं त्यात लिहिलंय. आई घाबरून सगळ्या बाहुल्या जाळायला निघालीय. दुसरी गोष्ट, मी स्वतःचं एक पात्र काढलंय, देवचाराची पोर (देवचार म्हणजे आमच्याकडच्या लोककथांतला गावाचा राखणदार). चित्र चाहत्यांच्या ग्रुपवर टाकताना ‘कुणीही काढा, फक्त मला टॅग करा’ असं लिहिलं होतं. त्याच ग्रुपमधल्या पुण्याच्या मुलाने ती टी-शर्टवर छापून विकायला काढलीय. मी स्वतःच चोर असताना त्याला कसं विचारू?

उत्तर: आधी आईंना सांगा, एकही बाहुली जाळायची नाही आणि एकही रुपया भरायचा नाही. आज रात्री झोपा. सात दिवसांची मुदत त्या माणसाने घातली आहे, कायद्याने नव्हे.

‘चोर’ हा शब्द तुम्ही स्वतःला लावलात त्याचं मला वाईट वाटलं. तुम्ही फोटो पाठवलेत म्हणून मी त्या बाहुलीचे केस निरखून पाहिले. निळ्या लोकरीच्या तीन छटा, आणि वाऱ्यावर उडाल्यासारखी बट उभी राहावी म्हणून आत घातलेली बारीक तार. ही मेहनत तुमचीच आहे. पण चेहरा, पोशाख, ते पात्र दुसऱ्याचं आहे, आणि तिथे मला खरं सांगितलंच पाहिजे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 मध्ये चित्राच्या मालकाला जे हक्क दिले आहेत, त्यात कागदावरच्या चित्राची त्रिमिती वस्तू करण्याचा हक्कही येतो. बाहुली म्हणजे नेमकं तेच. चित्र जपानमधलं असलं तरी आंतरराष्ट्रीय करारांमुळे त्याला इथे संरक्षण आहे. हाताने विणली, नफा चहापाण्यापुरता झाला, कॅप्शनमध्ये मूळ कलाकाराचं नाव दिलं, यातलं काहीही विक्रीला परवानगीच्या जागी चालत नाही. नाव देणं ही चांगली रीत आहे, तुम्ही ती पाळलीत, पण तो परवाना नव्हे.

भाचीसाठी एक विणलीत तर गोष्ट वेगळी. कलम 52 मध्ये खासगी वापराला जागा आहे. नुसतं फॅन आर्ट, म्हणजे आवडत्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र, काढून सगळ्यांसाठी टाकणं मात्र तितकं निर्धास्त नाही, कारण आपल्या कायद्यात फॅन आर्टसाठी वेगळी सूट नाही. प्रत्यक्षात हक्कधारक बऱ्याचदा तिकडे काणाडोळा करतात. टोकियोत 1975 पासून कॉमिकेट हा चाहत्यांचा मेळा भरतो, तिथे चाहते दुसऱ्यांच्या पात्रांवर स्वतः काढलेली पुस्तकं उघडपणे विकतात. पण काणाडोळा म्हणजे हक्क सोडला असं होत नाही. काही कंपन्या चाहत्यांसाठी लेखी नियम जाहीर करतात. तुमच्या पात्राच्या कंपनीचे असे नियम असतील तर ते आधी वाचा. विक्री आजपासून बंद करा.

आता तुरुंगाचं. कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) ठरवला, म्हणून ही धमकी निव्वळ हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. तरीही सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज नसेल तिथे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. अकरा बाहुल्यांच्या प्रकरणात खरा हक्कधारक सहसा एवढंच मागतो की विक्री थांबवा आणि पुन्हा करणार नाही असं लिहून द्या.

हा ईमेल मात्र मला खटकतो. कुठल्या कंपनीच्या वतीने, कोणत्या अधिकारपत्राने, कुठल्या चित्राबद्दल, यातलं एक अक्षर त्यात नाही. आहे तो फक्त क्यूआर कोड, आणि त्यावर दिसतं ते एका माणसाचं वैयक्तिक नाव. दोन ओळींचं उत्तर पाठवा: ‘आपण कोणाच्या वतीने लिहिता, त्या अधिकारपत्राची व हक्काच्या कागदांची प्रत पाठवा. ती पाहून उत्तर देऊ.’ माफी, कबुली, आईची काळजी यातलं काहीही लिहू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही. तो कागद न देता पैशासाठीच तगादा लावत राहिला तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. वकिलाच्या सहीची खरी नोटीस आली तर ती घेऊन लगेच वकिलाकडे जा. विक्रीच्या पोस्ट काढण्याआधी त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. उरलेल्या बाहुल्या पेटीत राहू देत. आता जाळल्यात तर उद्या कोणी म्हणेल, पुरावा नष्ट केला.

आता देवचाराच्या पोरीकडे येऊ, कारण या पत्रात माझं मन खरं तिच्यातच अडकलं.

देवचार कुणाच्या मालकीचा नाही. घोंगडी, काठी, रात्री गावाची राखण, हे तुमच्या आजीचं आणि माझ्या आजीचंही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्येच स्पष्ट केलं. पण तुमची पोर कशी आहे? केस कातरलेले, हातात करवंटीचा दिवा, आणि घोंगडीच्या फाटक्या कोपऱ्याला मासेमारीच्या जाळ्याचं ठिगळ. ते ठिगळ कुठल्याही लोककथेतून आलेलं नाही, तुमच्या डोक्यातून आलं आहे. पात्र पुरेसं वेगळं रेखलेलं असेल तर त्याला संरक्षण मिळू शकतं. 1997 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘नागराज’ कॉमिक्सच्या प्रकाशकाच्या बाजूने, ‘नागेश’ नावाच्या मिळत्याजुळत्या पात्राविरुद्ध मनाई दिली होती. आणि 2016 मध्ये आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने ‘दबंग’ चित्रपटातल्या चुलबुल पांडेच्या प्रकरणात पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं.

गोव्यातलं उदाहरण हवं तर लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांचं घ्या. 11 डिसेंबर 2011 ला ते गेले. कलाकाराच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं धरली तर त्यांच्या चित्रांचे हक्क 2071 संपेपर्यंत आहेत. त्यांच्यासारखी गर्दीने भरलेली चित्रं काढायला कुणालाही बंदी नाही. त्यांचं मिस फोन्सेका हे पात्र उचलून मगवर छापायला मात्र बंदी आहे.

तुमच्या त्या वाक्याने मात्र थोडा गुंता केला आहे. परवाना लेखी हवा असं कलम 30 म्हणतं, पण 2012 च्या दुरुस्तीत त्यातली सहीची अट गेली, त्यामुळे चॅटवरचा मजकूरही परवाना ठरू शकतो. म्हणून ते वाक्य नीट वाचा: ‘कुणीही काढा, फक्त मला टॅग करा.’ काढा, म्हणजे चित्र काढा. छापा आणि विका असं तुम्ही कुठेच म्हटलेलं नाही. शिवाय त्याने टॅगही केलं नाही, म्हणजे दिलेल्या परवानगीची अटसुद्धा मोडली. आपल्या निर्मितीवर आपलं नाव असण्याचा हक्क कलम 57 वेगळा देतं, आणि कॉपीराइट विकला तरी तो तुमच्याकडेच राहतो. तुमच्या बाहुल्यांचा हिशोब वेगळा आणि हा वेगळा. एकामुळे दुसरा बुडत नाही.

त्याला आधी साधा, सभ्य निरोप पाठवा. चाहत्यांच्या ग्रुपमध्ये पुष्कळदा अज्ञानच असतं, लबाडी नसते. नाही ऐकलं तर तो जिथे विकतो त्या साइटला लेखी तक्रार करा. तक्रार रीतसर असेल तर 36 तासांत मजकूर काढण्याची तरतूद नियमांत आहे, पण 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर झाला नाही तर साइट तो परत लावू शकते. तेव्हा तक्रार टाकून स्वस्थ बसू नका. दावा करायची वेळ आली तर कलम 62 प्रमाणे तो तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो. पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढलं त्या क्षणी हक्क तुमचा झाला. तरी पोरीची नोंदणी करून ठेवाच, कलाकृतीची फी 500 रुपये आहे. पुढे तिच्याच बाहुल्या करायचा विचार असेल तर त्याआधी वकिलाशी बोला, कारण वस्तूवर उतरवलेल्या डिझाइनच्या पन्नासाहून जास्त प्रती औद्योगिक पद्धतीने निघाल्या तर डिझाइन कायद्याचा वेगळा प्रश्न उभा राहतो.

फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जाताना मूळ फोटो ज्यात आहेत तो फोन न्या, त्यातलं काही पुसू नका. आणि ती वही न्या, ज्या पानावर पोरीचं पहिलं चित्र आहे, खाली तुमच्या अक्षरात तारीख आहे आणि ठिगळ दोनदा खोडून तिसऱ्यांदा काढलेलं आहे. ती खाडाखोड रबराने साफ करू नका. चित्र तुमच्या हातचं आहे, हे तीच सांगते.