साहेब गेले तरी दप्तर तुझ्याकडे आहे

लेकरा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या विमान कंपनीतून वर्षभरात तिसरे साहेब राजीनामा देऊन गेले, पगार थकलेत, आणि युनियनच्या लोकांसमोर बसायला एचआरमध्ये आता तुझ्यासारखी नवी पोरंच उरलीत. ‘काका, मी राहू की निघू?’ असं विचारलंस. दुसरीकडे चांगली नोकरी मिळत असेल तर खुशाल निघ, त्यात कसलाही कमीपणा नाही. अंबाजोगाईला आईच्या औषधपाण्याचा खर्च तुझ्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. पण जितके दिवस त्या खुर्चीवर आहेस, तितके दिवस एक काम सगळ्यांत आधी कर. कामगारांना आजवर काय कबूल केलं, किती दिलं आणि किती राहिलं, हे सगळं तारखेनिशी कागदावर आण.

कंपनी बुडायला लागली की आधी वरची माणसं जातात. जेट एअरवेजचं बघ. आपल्या चिकलठाणा विमानतळावरही तिचं विमान येत असे. मार्च २०१९ मध्ये नरेश गोयल अध्यक्षपदावरून पायउतार झाले. १७ एप्रिलच्या रात्री शेवटचं विमान अमृतसरहून निघालं आणि सेवा थांबली. मेच्या मध्याला मुख्य कार्यकारी अधिकारी विनय दुबे गेले, कंपनीच्या अर्थ विभागाचे प्रमुख गेले, त्याच सुमारास मनुष्यबळ विभागाचे प्रमुखही गेले. २० जूनला एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला, तेव्हा कामगारांशी ज्यांनी बोलणी केली होती त्यांतलं वर जवळजवळ कुणी उरलं नव्हतं. ‘पुढच्या महिन्यात नक्की देतो’ हे सांगणारा माणूसच निघून गेला, तर तो शब्द मागायचा कुणाकडे?

कायद्याचंही तेच आहे. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार त्याने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या हाती जातो. त्या माणसाला तुमच्या कंपनीचा इतिहास माहीत नसतो. तो फक्त कागद बघतो. आणि मोठे निर्णय कर्ज देणाऱ्या बँकांची समिती मतदानाने घेते. तिथे कामगाराला मत नाही.

म्हणून कामगाराचा थकबाकीचा दावा त्यासाठीच्या फॉर्म डीमध्ये नीट भरला जाणं फार महत्त्वाचं. युनियनला सगळ्यांच्या वतीने एकत्र भरायचा असेल तर फॉर्म ई आहे. त्याला जोडायला पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, पगारकपातीची परिपत्रकं, थकबाकीचा हिशोब लागतो. कंपनीचा सर्व्हर कधी बंद पडेल सांगता येत नाही. आत्ताच सगळ्यांना लेखी कळव की आपापल्या स्लिपा उतरवून घ्या, पीएफचं पासबुक तपासा, कापलेला कर खरंच भरला गेलाय का ते बघा. ही माहिती कामगाराच्या हक्काची आहे. कुणी साहेब ‘घबराट पसरेल’ म्हणून अडवू लागला, तर त्यालाच तसं लेखी द्यायला सांग.

हजेरीपटाची तर डोळ्यांत तेल घालून काळजी घे. एबीजी शिपयार्ड या जहाजबांधणी कंपनीच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये निकाल दिला. दिवाळखोरीची प्रक्रिया चालू असताना कंपनी चालू ठेवली गेली आणि कामगाराने खरोखर काम केलं, तर त्या काळाचं वेतन प्रक्रियेच्या खर्चात धरलं जातं आणि ते सगळ्यांच्या आधी द्यावं लागतं. काम केल्याचं दिसलं नाही, तर तोच माणूस रांगेत मागे जातो. तिथे, म्हणजे कंपनी मोडीत काढून पैसे वाटताना, कामगारांना मागच्या २४ महिन्यांच्या थकबाकीपुरतं तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने स्थान मिळतं आणि बाकी कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांपुरतं, तेही त्यांच्या खाली. हँगरमध्ये रात्रपाळी केलेल्या मेकॅनिकची सही कुठल्या रजिस्टरमध्ये आहे, यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असू शकते. लेकरा, हे मी वाढवून सांगत नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. कंपनी विकायला काढली तरी ती रक्कम कामगारांची, देणेकऱ्यांत वाटायची नाही, हे युनियनला ठामपणे सांग. जेटच्या कामगारांनी ही लढाई लढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी घेऊ पाहणाऱ्या नव्या मालकांचं अपील फेटाळलं. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी अवसायनातच गेली, म्हणजे मोडीतच निघाली.

अवसायन हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बंद पडलेला साखर कारखाना, थकलेले पगार, एकामागून एक येणारे प्रशासक हे आपण जवळून पाहिलंय. पण एक फरक लक्षात ठेव. कारखान्याची जमीन आणि यंत्रं जागेवर असतात, उद्या कुणी भाड्याने घेऊन गाळप सुरू करू शकतो. विमान कंपनीची विमानं बहुधा भाड्याची असतात. गो फर्स्ट या विमान कंपनीने मे २०२३ मध्ये स्वतःहून दिवाळखोरी मागितली. ऑक्टोबरमध्ये सरकारने अधिसूचना काढून दिवाळखोरीच्या काळात वसुलीला जी स्थगिती असते तिच्यातून विमानांना वगळलं, नोव्हेंबरमध्ये प्रमुख कौशिक खोना सोडून गेले, पुढच्या एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशाने विमानं मालकांना परत करायचं ठरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये अवसायनाचा आदेश झाला. विमानं गेल्यावर कामगाराने कशावर बोट ठेवायचं? म्हणून ‘कंपनी पुन्हा उभी राहील, तोवर दावा करू नका’ असं कुणालाही सांगू नकोस. वरून सांगायला लावलं तरी नको.

आता युनियनसमोर बसण्याबद्दल. नवा साहेब येतो, नवी योजना आणतो आणि पहिल्याच बैठकीत पगारकपात मागतो. समोरची माणसं मात्र तीच असतात. त्यांनी आधीच्या साहेबांच्या वेळी काय काय सोडलं ते त्यांना तोंडपाठ असतं. नव्या साहेबाला ते कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याला बैठकीआधी दोन पानांत लिहून दे. मला विचारशील तर तुझ्या हुद्द्याच्या माणसाने करण्यासारखं याहून मोठं काम नाही.

अमेरिकन एअरलाइन्समध्ये काय झालं ते वाच. २००३ मध्ये दिवाळखोरी टाळण्यासाठी तिथल्या युनियननी वर्षाला दीड अब्ज डॉलरहून जास्त रकमेची कपात मान्य केली. तेवढ्यात उघड झालं की वरच्या अधिकाऱ्यांसाठी खास बोनस आणि दिवाळखोरीतही सुरक्षित राहील असं पेन्शन आधीच ठरवून ठेवलंय. प्रमुख डॉन कार्टी यांना त्याच महिन्यात जावं लागलं. कपात कशीबशी टिकली, विश्वास गेला तो गेलाच. नोव्हेंबर २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, पुन्हा प्रमुख बदलला, आणि काही महिन्यांतच त्या युनियननी स्वतःच्या व्यवस्थापनाला बाजूला ठेवून यूएस एअरवेज या दुसऱ्या कंपनीचे प्रमुख डग पार्कर यांच्याशी समझोता केला. २०१३ च्या शेवटी दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि पार्कर प्रमुख झाले. कामगार ‘नाही’ म्हणतात तेव्हा त्यांना आडमुठे ठरवण्याआधी हे आठव. फसवणूक त्यांच्या लक्षात राहिलेली असते.

त्यामुळे कपातीचा प्रस्ताव तुझ्या हातून जाणार असेल, तर वरच्या अधिकाऱ्यांच्या पगाराचं आणि बोनसचं काय, हा प्रश्न तू आधी आत विचार. उत्तर मिळालं नाही तर प्रस्तावावर तुझी सही नको. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिही, दोन्ही बाजूंच्या सह्या घे आणि एक प्रत युनियनकडे राहू दे. ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे वाक्य तर मुळीच वापरू नकोस. ज्याचा मुलगा फीअभावी घरी बसलाय त्याला ते ऐकवत नाही.

सगळ्यांत जास्त काळजी मला कंत्राटी पोरांची वाटते. सामान चढवणारे, सफाईवाले, बसचे ड्रायव्हर. त्यांत आपल्या बीड-परभणीकडची किती पोरं नालासोपाऱ्याला एका खोलीत सात-आठ जण राहतात, हे तू स्वतः पाहिलंयस. त्यांची नावं तुमच्या पटावर नाहीत, पायलटांसारखी त्यांची बातमी होत नाही, आणि बिलं थकली की ठेकेदार फोन उचलणं बंद करतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, पण त्यासाठी कुणी कुठे किती दिवस काम केलं ते दाखवता आलं पाहिजे. विमानतळावर जायचे पास कुणाला दिले त्याची नोंद सुरक्षा विभागाकडे असते. ती यादी आणि ठेकेदाराची बिलं ताडून बघ. हे काम तुला कुणी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आणि तुझा स्वतःचा पगारही थकलाय. त्याचा हिशोब, अनुभवाचं प्रमाणपत्र आणि पीएफचा उतारा वेगळ्या फाइलमध्ये लावून घरी ठेव. कंत्राटी पोरांची यादी करायला घेतलीस की कळव, ठेकेदाराला आणि कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मी करून देतो.

तुझा,
काका