व्हीसॅनमध्ये उरलेले 'इनॲक्सेसिबल' ऑब्जेक्ट काढू का?

व्हीसॅन म्हणजे अनेक सर्व्हरांच्या डिस्क जोडून बनवलेलं व्हीएमवेअरचं सामायिक स्टोरेज. त्यातला तुमचा चारपैकी एक होस्ट (सर्व्हर) गेला, सगळ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालू आहेत आणि हेल्थ तपासणीत तरी पाच ऑब्जेक्ट (व्हीएमची डिस्क, स्वॅप असे साठवलेले घटक) लाल. घाईने काही पुसू नका.

इनॲक्सेसिबल म्हणजे त्या ऑब्जेक्टची पूर्ण प्रत हाताशी नाही, किंवा त्याच्या भागांना दिलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मिळत नाहीत. गेलेला होस्ट किंवा डिस्क परत येण्याची थोडी जरी आशा असेल, तर आधी ती आणा. बरेचदा लाल आपोआप हिरवं होतं. व्हीसॅन ६० मिनिटं वाट पाहून हरवलेली प्रत दुसरीकडे बनवतं (रिबिल्ड), पण रिपेअरच्या त्या मुदतीवर भिस्त ठेवू नका, चांगली प्रतच नसेल तर रिबिल्ड कशावरून होणार?

होस्ट कायमचाच गेला असेल, तर प्रत्येक ऑब्जेक्टचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घेऊन तो होस्टवरच्या ऑब्जटूल या कमांडच्या 'गेट-ॲट्रिब्यूट'ने तपासा. क्लास (ऑब्जेक्टचा प्रकार) आणि पाथ बघा. स्वॅप (व्हीएमच्या मेमरीसाठीची तात्पुरती फाइल) असेल तर बहुधा होस्ट पडला तेव्हाचं उष्टं. व्हीएम दुसरीकडे सुरू होताना नवी स्वॅप फाइल बनते, जुनी तशीच पडून राहते. यासाठी आरव्हीसीत (व्हीसेंटरमधल्या रुबी व्हीस्फीअर कन्सोलमध्ये) खास पर्ज कमांड आहे, ती फक्त स्वॅपच काढते.

व्हीडिस्क (व्हीएमची डिस्क) किंवा नेमस्पेस (व्हीएमच्या फाइलींचं फोल्डर) निघाली तर थांबा. ऑब्जटूलचा डिलीट परत फिरत नाही. बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय हात लावू नका.

इथे इंदूरला पावसाळ्याआधीच्या वादळात वीज गेली, तेव्हा आमच्याकडेही असेच सात निघाले होते. सहा स्वॅप. सातवी एका बंद व्हीएमची डिस्क, आणि ती अकाउंट्सवाल्यांना मार्चमध्ये लागते! व्हीएमवेअरचा सपोर्ट असेल तर व्हीडिस्कसाठी केस उघडाच.