कॉम्प्युटर स्लीपमध्ये ठेवला तरी मध्यरात्री आपोआप सुरू होतो, काय करू?

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ चा डेस्कटॉप रात्री स्लीपमध्ये टाकता, दोन-तीनच्या सुमाराला पंखा घरघरायला लागतो, स्क्रीन उजळते आणि सकाळी बघावं तर मशीन चालूच. व्हायरस शोधून झाला, शेवटी विंडोज अपडेटची सर्व्हिसच बंद केली, तरी फरक नाही.

आधी ती सर्व्हिस पुन्हा चालू करा. सुरक्षेचे अपडेट त्यातूनच येतात, आणि ती बंद करूनही कॉम्प्युटर उठतोच आहे म्हणजे तिचा यात बहुधा हात नाही. या त्रासात अंदाजाने एकेक गोष्ट बंद करत सुटणं हाच सगळ्यात लांबचा रस्ता. कॉम्प्युटरला कोणी उठवलं ते तो स्वतः लिहून ठेवतो, त्यालाच विचारायचं.

स्लीप म्हणजे बंद नव्हे. प्रोसेसर थांबतो, पण रॅमला वीज चालू असते आणि माउस, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, आतलं घड्याळ अशी काही मंडळी पहाऱ्यावर बसलेली असतात. त्यातल्या कोणीही हाक मारली की मशीन उठतं.

तर रात्री आपोआप सुरू झाला की सकाळी दुसरं काही करण्याआधी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश लास्टवेक, असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. 'पहिलं काम' यासाठी म्हणतोय, की ही कमांड फक्त शेवटच्या जागेपणाचं कारण सांगते. मध्ये पुन्हा झोपवून उठवलात तर रात्रीचं कारण तिथून गेलं. तसं झालंच तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे पॉवर-ट्रबलशूटर या नावाची १ नंबरची नोंद शोधा. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि 'वेक सोर्स' तिथे लिहिलेलं असतं. मजकुरातल्या वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर असेल तर ती यूटीसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ आहे, आपल्या घड्याळाशी जुळवून घ्या, नाहीतर भलतीच नोंद तपासत बसाल.

माझ्या मशीनवर उत्तर आलं 'यूएसबी रूट हब'. म्हणजे यूएसबीला जोडलेलं काहीतरी, पण काय? पॉवरसीएफजी स्लॅश डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड ही कमांड दिली, की उठवण्याची परवानगी असलेल्या उपकरणांची यादी येते. माझ्या यादीत तीन नावं होती: कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड. माउस चकचकीत टेबलावर, पॅडशिवाय ठेवलेला. रात्री दिवे घालवून मी त्याच्याकडे बघत बसलो. शेजारचं कपाट लावलं, टेबल किंचित हादरलं, माउसखालचा मंद लाल उजेड एकदम प्रखर झाला आणि दुसऱ्या क्षणी पंखा सुरू. त्याच खोलीत आई झोपायची, आठवडाभर तिची झोप मोडत होती, ती एवढ्याशा कारणाने. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमधल्या पॉवर मॅनेजमेंट या टॅबवर 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' ही खूण काढली आणि प्रश्न मिटला. कीबोर्डची खूण मात्र राहू द्या, सकाळी उठवायला तो लागतो.

तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते: सकाळपर्यंत चालूच राहतो. टायमरने किंवा नेटवर्कने उठलेलं आणि कोणी हात न लावलेलं विंडोज साधारण २ मिनिटांत परत झोपतं, मुळात सेटिंग तसंच असतं. तुमचं झोपत नाही, याचे दोन अर्थ निघतात. एक तर माउस-कीबोर्डकडून हात लावल्यासारखी खूण जाते आहे आणि तुमच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ 'नेव्हर' आहे. नाहीतर उठवणारा वेगळा आणि उठल्यावर झोपू न देणारा वेगळा. हा दुसरा पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स या कमांडने सापडतो. ब्राउझरमध्ये अर्धवट सोडलेला व्हिडिओ किंवा आवाजाचा ड्रायव्हर तिथे नावानिशी दिसतो.

लास्टवेकने 'टायमर' सांगितलं तर पॉवरसीएफजी स्लॅश वेकटायमर्स ही कमांड द्या, पुढचा गजर कोणी लावलाय ते कळेल. तुमची वेळ दोननंतरची आहे म्हणून विंडोजच्या स्वयंचलित देखभालीवरही माझा संशय आहे, तिची ठरलेली वेळ मुळात पहाटे २ असते. कंट्रोल पॅनेलमधल्या सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये, 'या कामासाठी कॉम्प्युटर उठवावा' अशा अर्थाची खूण आहे, ती काढा. सगळेच गजर बंद करायचे तर पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' डिसेबल करा. बॅकअप रात्री घेत असाल तर तोही मग होणार नाही, हे ध्यानात ठेवा.

नेटवर्क कार्ड निघालं आणि लांबून मशीन सुरू करायची गरज नसेल तर त्याची खूण सरळ काढा. गरज असेल तर कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर 'ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट' निवडा. मॅजिक पॅकेट म्हणजे एफएफ हा बाइट ६ वेळा आणि त्यामागे तुमच्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) १६ वेळा, असा १०२ बाइटांचा ठरावीक निरोप. इतर फुटकळ रहदारीने मग झोप मोडत नाही. ड्रायव्हर नवा बसला की ही खूण माझ्याकडे दोनदा परत आली होती, तेव्हा अपडेटनंतर एकदा बघत जा.

कधी कधी कमांड नुसतं 'वेक सोर्स काउंट - ०' असं सांगते. तेव्हा बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन आरटीसी अलार्म (आतल्या घड्याळाचा गजर), वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून उठणं) आणि पीसीआयकडून (आत बसवलेल्या कार्डांकडून) उठण्याचे पर्याय बघा, कारण ते विंडोजच्या खालच्या पातळीवर चालतात.

हे वाचणाऱ्या कोणाचा लॅपटॉप बॅगेत गरम होत असेल तर त्यांचं प्रकरण निराळं. पॉवरसीएफजी स्लॅश ए ने उपलब्ध प्रकारांत 'एस० लो पॉवर आयडल' दाखवलं, तर तो जुन्या अर्थाने झोपतच नाही, नेटवर्क धरून अधूनमधून कामं करत राहतो. तिथे झाकण मिटल्यावर हायबरनेट व्हावा, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून पूर्ण बंद व्हावा, असं लावून ठेवणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं.

तुम्ही आज रात्री माउस फक्त उलटा करून ठेवा आणि कॉम्प्युटर झोपवा. सकाळी झोपलेलाच सापडला तर बाकी काही शोधायची गरज नाही, उठलेला सापडला तर लास्टवेकपासून सुरुवात करा.