न्यायाधीश कुणाचा?

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

त्या जजसाहेबांकडे वर्षभराच्या क्लर्कशिपसाठी, म्हणजे त्यांच्या हाताखाली सहाय्यक म्हणून काम करायला, अर्ज करू की नको, एवढंच विचारलं असतंस तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. पण पुढे तू लिहिलंस, "काका, त्यांना नेमलं कुणी ते बघा ना!" आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं, की वर्गातला एकजण म्हणाला, असल्या जजला कुणी गोळी घातली तरी मला वाईट वाटणार नाही, सगळे हसले आणि तू गप्प बसलीस. खरं तर तू त्यासाठीच लिहिलंस, असं मला वाटतं. म्हणून पत्र जरा लांबणार.

जॉन रोल हे नाव तुझ्या कानावर आलं नसेल. आमच्या ॲरिझोनातल्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचे मुख्य न्यायाधीश. १९९१ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशनी नेमलेले, म्हणजे तुझ्या हिशेबाने 'त्यांचे'. बंदूक घेणाऱ्याची चौकशी करायचं काम केंद्र सरकार गावच्या शेरीफवर, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखावर, लादू शकत नाही, असा निकाल त्यांनी १९९४ मध्ये दिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ५ विरुद्ध ४ मतांनी तेच म्हटलं. इथवर तुझा हिशेब बरोबर येतो. पण सीमा ओलांडून आलेल्या काही मेक्सिकन लोकांनी इथल्या एका जमीनमालकावर दावा लावला, आणि रोल यांनी तो चालू दिला. तेवढ्यावरून २००९ मध्ये त्यांना जिवे मारायच्या धमक्यांचा पाऊस पडला. त्यांना आणि त्यांच्या पत्नीला महिनाभर मार्शलांच्या, म्हणजे फेडरल कोर्टाच्या रक्षकांच्या, पहाऱ्यात राहावं लागलं.

८ जानेवारी २०११, शनिवार. सकाळची चर्चमधली प्रार्थना आटोपून ते टूसॉनजवळच्या एका सुपरमार्केटपाशी गेले. तिथे डेमोक्रॅट खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स टेबल मांडून लोकांना भेटत होत्या. सीमेवरच्या खटल्यांनी कोर्ट तुंबलं होतं, न्यायाधीश पुरत नव्हते, आणि कोर्टाची आणीबाणी जाहीर करा, या रोल यांच्या मागणीला गिफर्ड्सनी पाठिंबा दिला होता. एका पक्षाने नेमलेला जज दुसऱ्या पक्षाच्या खासदाराला भेटायला गेला, तेही कोर्टाच्या कामासाठी. तिथे २२ वर्षांच्या एका मुलाने गोळीबार केला. सहा माणसं गेली, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी. गिफर्ड्स डोक्यात गोळी लागूनही वाचल्या. रोल यांनी गिफर्ड्सच्या कार्यालयातल्या रॉन बार्बरना टेबलाखाली ढकललं आणि स्वतः पाठीवर गोळी घेतली. ते सगळं दुकानाच्या कॅमेऱ्यात आहे.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगतो. सांगलीला भावाला फोन लावला आणि गोळी कुठल्या पक्षाच्या भाषणांनी झाडली, हे त्याला ठणकावून सांगितलं. माझ्याकडे पुरावा शून्य. वकिलीत इतकी वर्षं काढलेला माणूस! पुढे कळलं, त्या मुलाचं डोकं ठिकाणावर नव्हतं; खटला चालवण्याइतकं भान यायलाच बराच काळ गेला. कुठल्याही पक्षाच्या चौकटीत तो बसत नव्हता. इथले न्यायाधीश रोल यांचे सहकारी म्हणून बाजूला झाले, सॅन दिएगोहून दुसरे आले. २०१२ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि जन्मठेप झाली. भावाला मी पुन्हा फोन करून चूक कबूल केली नाही. ते अजून टोचतं.

रोल गेल्यावर कोर्टाची आणीबाणी जाहीर झाली. एरवी ७० दिवसांत खटला उभा राहायला हवा. तुरुंगात नसलेल्या आरोपींसाठी ही मुदत १८० दिवसांवर गेली. रिकाम्या खुर्चीची किंमत अशी कुणीतरी मोजत असतं. रोल यांच्या जागी जून २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून जेनिफर झिप्स यांचं नाव आलं आणि ऑक्टोबरात सिनेटमध्ये मंजूरही झालं. त्याच जूनमध्ये रोझमेरी मार्केझ यांचंही नाव आलं, ते मे २०१४ पर्यंत लोंबकळलं. कारण 'ब्लू स्लिप': राज्याच्या सिनेटरने ही निळी चिठ्ठी परत पाठवली नाही, तर नाव कमिटीतच अडकतं. तेरापैकी सहा खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा कुठे तडजोड झाली आणि मे २०१४ मध्ये काही दिवसांत सहाही भरल्या. त्यातल्या डायन ह्युमेतेवा, होपी जमातीच्या, ९६ विरुद्ध ० मतांनी.

तू म्हणशील, हे जुनं झालं. झालंच. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना सिनेटमध्ये पडलेली मतं बघ: स्कॅलिया १९८६ मध्ये ९८-०, गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६-३. आणि बॅरेट २०२० मध्ये ५२-४८, जॅक्सन २०२२ मध्ये ५३-४७. नाव मतदानाला घ्यायला आधी ६० मतं लागायची; खालच्या कोर्टांसाठीची ही अट २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी मोडली, सर्वोच्च न्यायालयासाठीची २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी. पहिलं भांडं कुणी आपटलं, यावर दोन्ही घरं आयुष्यभर भांडतील. (आपल्याकडे कॉलेजियम दार लावून ठरवतं, इथे टीव्हीसमोर सुनावणी होते. दोन्हीकडे वकील बार रूममध्ये कुरकुरतातच.) पण हा ५२-४८ चा आकडा सिनेटची तब्येत सांगतो. तो जज सोमवारी सकाळी कोर्टात कसा बसतो, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला त्यांचे वीस-पंचवीस निकाल वाच. गाजलेले नकोत, रोजचे. नेमणाऱ्या पक्षाच्या सरकारविरुद्ध कधी निकाल दिलाय का? हरलेल्या पक्षकाराबद्दल कसं लिहितात? शिक्षा सुनावताना आरोपीच्या आईचं पत्र वाचल्याची खूण दिसते का? त्यांच्या जुन्या क्लर्कांना फोन कर, साहेब ओरडतात का ते सरळ विचार. एवढं करून पटलं नाही, तर खुशाल अर्ज करू नकोस. माझा राग नाही.

आणि तो वर्गमित्र. २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या दाराची बेल कुरिअरवाल्याच्या वेशातल्या माणसाने वाजवली आणि गोळ्या झाडल्या. त्यांचा वीस वर्षांचा मुलगा गेला, नवरा जखमी झाला. मारेकरी वकील होता, त्यांच्यापुढे तो एक खटला लढला होता. आपल्याच धंद्यातला, मुली. २०२५ मध्ये देशभरातल्या जजांच्या घरी न मागवलेले पिझ्झा आले, काहींवर त्या मेलेल्या मुलाचं नाव. 'तुझं घर आम्हाला माहीत आहे' हे सांगायची ही तऱ्हा. त्याला भाषण देऊ नकोस. पुढच्या वेळी "माझ्यासमोर असं बोलू नकोस" एवढंच म्हण आणि जेवण चालू ठेव. आवाज कापला तरी चालेल.

डिसेंबरात येशील तेव्हा युमाला जाऊ. तिथल्या फेडरल कोर्टाला रोल यांचं नाव दिलंय. उन्हाळ्यात नको, पाय भाजतात. निकालांची यादी केलीस की मला पाठव, मीही वाचतो. आईला सांग, कुळथाचं पीठ पोचलं.

तुझा,
काका